गेमिंग क्लबच्या प्रकल्प नोंदी : बडोदे, जुलै ते डिसेंबर २०२५

१४ जुलै २०२५, सोमवार

क्लब विद्यार्थी-प्रकल्प म्हणून चालवायचा असेल तर कामाच्या तारीखवार नोंदी ठेवाव्या लागतील, अशी अट समन्वयक मॅडमनी घातली आहे. त्यानुसार ही वही आजपासून सुरू होते.

पहिले काम पाहणीचे झाले. वर्गावर्गांत कागद फिरवून कोण काय खेळतो आणि कशावर खेळतो, एवढे दोनच प्रश्न विचारले. बहुतेकांकडे मोबाइल आहे आणि त्यावर बीजीएमआय, नाहीतर फ्री फायर मॅक्स. घरी खेळण्याजोगा संगणक असलेले मोजके निघाले. वसतिगृहात राहणारे, तसेच पादरा, डभोई, सावलीकडून रोज बसने येणारे, यांच्या कागदावर संगणकाचा रकाना जवळजवळ सगळीकडे कोरा होता.

यावरून समितीत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की व्हॅलोरंट या संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळाचा एक पक्का संघ बांधावा, टी-शर्ट छापावेत आणि बाहेरच्या स्पर्धांना उतरावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की आधी सर्वांना बसता येईल अशी एक खोली मिळवावी. मी दुसऱ्या बाजूचा आहे. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याचे क्लबवाचून फारसे अडत नाही. ज्याच्याकडे ते नाही त्याला मात्र क्लब म्हणजेच यंत्र. शिवाय एकाच खेळावर मंडळ उभारण्यातला धोका आपल्या पिढीने पाहिला आहे. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये ॲपच्या ऑनलाइन दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात केवळ त्या खेळाच्या नावाने जमलेले किती गट विरून गेले ते सर्वांना ठाऊक आहे.

खोलीचा विचार करताना तळमजल्यावरची जुनी लॅब डोळ्यांसमोर आहे. तिथले वीस संगणक चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते, विंडोज १० चा आधार येत्या १४ ऑक्टोबरला संपतो आहे, आणि म्हणून कार्यालयाच्या लेखी ही यंत्रे भंगारात जमा आहेत. आमच्या लेखी त्यांना अजून चार-पाच वर्षे आयुष्य आहे. त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली चढवायची एवढेच.

२२ जुलै, मंगळवार

परवानगीचा अर्ज दिला. विभागातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांना गेमिंग म्हटले की मार्च २०१९ मधले राजकोट आठवते, जिथे पोलिसांनी पबजीवर बंदी घालून मोबाइलवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना धरले होते. त्यामुळे अर्जात युक्तिवाद कमी आणि दाखले जास्त ठेवले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने संगणकीय खेळांच्या स्पर्धांना, म्हणजे ई-स्पोर्ट्‌सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि तो विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला, हा एक. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्‌स प्रदर्शनीय प्रकार होता आणि त्यात हार्थस्टोन या खेळात भुजच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवले, हा दुसरा. दुसऱ्या दाखल्याचा परिणाम अधिक झाला. कच्छचा मुलगा म्हटल्यावर विभागप्रमुखांनी चष्मा वर करून तो परिच्छेद पुन्हा वाचला.

अर्जातून ‘मनोरंजन’ हा शब्द मॅडमनी खोडला आणि ‘नेटवर्क व लिनक्सचा प्रत्यक्ष सराव’ असे लिहायला लावले. हे लबाडीचे नाही, कारण तो सराव खरोखरच होणार आहे. परवानगी तूर्त एका सत्रापुरती मिळाली आहे. लॅब दर शनिवारी आणि बुधवारी दुपारनंतर वापरायची आणि संगणकांची मालकी विभागाचीच राहायची.

२ ऑगस्ट, शनिवार

आज जाळे जोडले. महाविद्यालयाच्या वायफायवर खेळायचा विचार पहिल्याच दिवशी सोडून दिला होता, कारण त्यावर एका यंत्राला दुसरे यंत्र दिसतच नाही, आणि फायरवॉल खेळांचे पोर्ट अडवते. आपल्याला इंटरनेटची गरजही नाही. चोवीस पोर्टांचा एक स्विच, त्याला जोडलेली वीस यंत्रे आणि कोपऱ्यातला शिक्षकांचा संगणक सर्व्हर म्हणून, एवढ्यावर काम भागते. अशा जोडणीत निरोप जाऊन परत यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. घरच्या उत्तम ब्रॉडबँडवरही हे सुख मिळत नाही.

लॅबमधल्या जुन्या वायरींपैकी काही विचित्र वागत होत्या. टेस्टर लावला की एक ते आठ दिवे शिस्तीत लागायचे, पण त्या वायरीवरून मोठी फाइल पाठवली की ती मध्येच रेंगाळायची. शेवटी एक कनेक्टर कापून उजेडात धरला तेव्हा कारण दिसले. ज्याने कोणी ते काम केले होते त्याने दोन्ही टोकांना रंगांच्या जोड्या ओळीने बसवल्या होत्या : नारिंगीनंतर हिरवी, हिरवीनंतर निळी. खरा क्रम असा असतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा मुद्दाम तिसऱ्या आणि सहाव्या जागी जातात, कारण संदेश त्या दोन जागांवरून एकत्र जातो आणि त्या तारा एकमेकींना पीळ दिलेल्या असतील तरच बाहेरचा गोंगाट एकमेकींत कटतो. जोडी फुटली की वीज पोहोचते, दिवा लागतो, पण संदेश बिघडतो. स्वस्तातला टेस्टर फक्त वीज पोहोचल्याचे सांगतो, म्हणून तो निर्धास्तपणे हिरवा कंदील दाखवत राहिला.

सर्व टोके कापून पुन्हा क्रिम्प केली. पहिल्या वर्षाच्या मुलींनी हे काम आमच्यापेक्षा नीट केले, हे नमूद करणे आवश्यक आहे. तारा सरळ करून अंगठ्याखाली चपट्या धरायच्या आणि मग एकाच फटक्यात टोके समान कापायची, ही युक्ती त्यांनीच शोधली. संध्याकाळी सर्वांनी मिळून सुपरटक्सकार्टच्या शर्यती लावल्या. झोनोटिक, झीरो एडी आणि लुआंटी हे खेळही चढवले आहेत. सगळे मुक्त स्रोताचे असल्यामुळे परवान्याचा खर्च नाही आणि चोरीच्या प्रतीचा प्रश्नही उद्भवत नाही. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे पहिल्या तटाची थोडी नाराजी आहे. ती राहू द्यावी.

१२ ऑगस्ट, मंगळवार

विजेचा हिशेब. एक संगणक आणि मॉनिटर मिळून दीडशे वॉट धरले तर वीस जागांचे तीन हजार वॉट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर. लॅबच्या त्या सर्किटवरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, १६ अँपिअरचा आहे आणि एसीही त्यालाच जोडलेला आहे. दोन्ही एकदम सुरू केले की एमसीबी पडणारच. वायरमन काकांनी बोर्ड उघडून पाहिला आणि म्हणाले, “एसी नाहीतर कॉम्प्युटर. एक काय ते ठरवा, मग मला बोलवा.” ठरवले. एसीच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि दोन जास्तीचे पंखे मागितले. सर्व्हर आणि स्विचसाठी एकच यूपीएस मिळाला असता तर बरे झाले असते, पण जो मिळाला तो लहान आहे. त्यावर फक्त सर्व्हर ठेवला.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळीच कार्यालयातून निरोप आला की लॅब उघडू नका. कारण वर्तमानपत्रात होते. ऑनलाइन गेमिंगच्या प्रचाराचे आणि नियमनाचे विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत संमत झाले आणि काल राष्ट्रपतींची स्वाक्षरी होऊन त्याचा कायदा झाला. मथळ्यात ‘गेमिंगवर बंदी’ एवढेच शब्द मोठ्या अक्षरांत होते, आणि ते वाचून ज्याला जे वाटायचे ते वाटले.

दुपारी मॅडमबरोबर बसून कायद्याचा मसुदा वाचला आणि एका पानाचे टिपण तयार करून दिले. त्यातला मुद्दा असा की बंदी आहे ती पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, म्हणजे जिथे पैसे जिंकण्याच्या आशेने फी, ठेव किंवा डाव लावला जातो. मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. ई-स्पोर्ट्‌स आणि सामाजिक खेळ हे कायद्यानेच वेगळे काढले आहेत व त्यांना उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. आपल्या लॅबमध्ये तर खेळ इंटरनेटवरही जात नाही आणि पैशांचा संबंध दुरूनही नाही.

मात्र या निमित्ताने एक जुना वाद निकालात निघाला. खजिनदाराचा आग्रह होता की स्पर्धेला प्रत्येकी शंभर रुपये प्रवेश फी ठेवावी आणि जमलेल्या रकमेतून पहिल्या तिघांना रोख बक्षीस द्यावे. ई-स्पोर्ट्‌सच्या व्याख्येत प्रवेश फी आणि कामगिरीवरचे बक्षीस यांना जागा आहे, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण ती सवलत मान्यताप्राप्त आणि नोंदणी झालेल्या स्पर्धांसाठी आहे. चार मित्रांनी पैसे गोळा करून विजेत्याला वाटण्यासाठी नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी शंभर रुपयांची फी नेमकी कोणाला दारात अडवते, हे जुलैतल्या त्या कोऱ्या रकान्यांवरून कळते. ठराव लिहून घेतला : क्लबच्या कोणत्याही कार्यक्रमाला फी नाही, कोणत्याही विजयाला रोख रक्कम नाही. खजिनदाराने सही केली, पण पेन जरा जोरात आपटून ठेवले.

३० ऑगस्ट, शनिवार

उपस्थिती नगण्य. निम्मी समिती दांडिया बाजारात गणपतीच्या मांडवात आणि उरलेली घरच्या गणपतीच्या आरतीला. लॅब लवकर बंद केली.

१३ सप्टेंबर, शनिवार

गर्दी वाढल्यामुळे वेळेचे नियम करावे लागले. आतापर्यंत जो आधी येईल तो बसत असे आणि परिणामी शेवटचा तास बुडवणारी तीच ती मंडळी सगळ्या जागा धरून बसत. आता नोंदवही ठेवली आहे. एका नावाला एक तास, रांगेत कोणी नसेल तरच पुढचा. प्रत्येक तासाला चार जागा पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी राखीव. या चार जागांवर कधीकधी कोणी नसते आणि मागे उभे असलेले कुरकुरतात की यंत्र फुकट जळते आहे. जळू द्यावे. रिकामी खुर्ची दिसली तरच दारातला बुजरा मुलगा आत येतो. भरलेली लॅब बघून तो कॅन्टीनकडे वळतो, हे आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आज अशाच एका जागेवर डभोईहून येणारी पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली. मोबाइलवर तिचा हात चपळ आहे, पण माउस तिने फारसा वापरलेला नव्हता. खेळात उजवीकडे वळत वळत तिचा माउस टेबलाच्या कडेला पोहोचला आणि ती तशीच थांबली, आता पुढे जागाच नाही म्हणून. शेजारच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने स्वतःचा खेळ न थांबवता सांगितले, “उचल, मधे आण, परत ठेव.” तिने केले. दोन मिनिटांनी ती म्हणाली, “दादा, हे कोणी आधी का नाही सांगत?” प्रश्न रास्त आहे. ज्यांना येते त्यांना ही गोष्ट शिकवण्याजोगी वाटतच नाही. पुढच्या बुधवारपासून नवागतांसाठी पहिली दहा मिनिटे केवळ माउस आणि कीबोर्ड यांसाठी राखून ठेवली आहेत.

शिव्यांचाही नियम केला. लॅबमध्ये मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण आई-बहिणीवरून बोलणाऱ्याचे नाव त्या दिवशीच्या वहीतून कापले जाईल. हा नियम लागू झाल्यानंतर मुलींची उपस्थिती वाढली, यात आश्चर्य काही नाही. खाण्याचा नियम याहून कठीण ठरतो आहे, कारण लिलो चिवडा खाल्लेल्या बोटांनी कीबोर्ड धरला की तेल आणि बटाट्याची सळी दोन्ही आत जातात. पुडी दाराबाहेर, हात धुऊन आत.

२० सप्टेंबर, शनिवार

परवापासून नवरात्र. बडोद्यात त्या दिवसांत संध्याकाळी गरब्याशिवाय दुसरे काही चालत नाही, तेव्हा स्पर्धेचा आराखडा आजच पक्का करणे भाग होते.

स्पर्धा झोनोटिक या नेमबाजीच्या खेळातल्या एकास-एक सामन्यांची, एक सामना दहा मिनिटांचा, खेळाडू बत्तीस. बाद पद्धतीने घेतली तर एकतीस सामन्यांत विजेता मिळतो, पण पहिल्याच फेरीनंतर सोळा जण दहा मिनिटे खेळून घरी जातात, आणि ते सोळा बहुधा आपण जुलैपासून ज्यांच्यासाठी धडपडतो आहोत तेच असतात. साखळी पद्धतीत सर्वांशी सर्व खेळायचे म्हटले तर ४९६ सामने होतात. म्हणून स्विस पद्धत घेतली, जी बुद्धिबळात १८९५ साली झ्युरिकला प्रथम वापरली गेली. तिच्यात कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. बत्तीस जणांच्या पाच फेऱ्या झाल्या की, सामने बरोबरीत सुटले नाहीत तर, पाचही जिंकणारा एकच उरतो, चार जिंकणारे पाच, तीन जिंकणारे दहा. एकूण सामने ऐंशी. एका वेळी दहा सामने बसतात, म्हणजे एका फेरीचे दोन हप्ते. अदलाबदल धरून फेरीला चाळीस मिनिटे आणि सगळ्याला साडेतीन तास. सर्व्हरवर २६००० पासून पुढच्या पोर्टांवर दहा खेळ एकाच वेळी चालवून पाहिले. यंत्राने तक्रार केली नाही.

समान गुण असलेल्यांचा क्रम बुखोल्झ पद्धतीने, म्हणजे ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज जास्त तो वर. मॅडमना हे फार आवडले. तगड्यांशी लढून हरलेल्याला मोल मिळते, असे त्या म्हणाल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा आधार आज संपला आणि अपेक्षेप्रमाणे कार्यालयाने लॅबमधली यंत्रे निकाली काढण्याची फाइल पुढे सरकवली. आमच्या बाजूने एवढेच सांगता आले की त्यांच्यावर विंडोज नाहीच, त्यामुळे आधार संपण्याचा प्रश्न त्यांना लागू नाही. मॅडमनी दुसरी बाजू धरली : २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या प्रमाणात उपकरणे वापरणाऱ्या संस्थेला जुने संगणक रस्त्यावरच्या भंगारवाल्याला विकता येत नाहीत, नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रक यांच्याकडेच द्यावे लागतात, आणि त्यासाठी वेगळी कागदपत्रे करावी लागतात. कागदपत्रे वाढणार म्हटल्यावर फाइलचा वेग आपोआप मंदावला. यंत्रे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘विभागीय वापरात’ या शेऱ्यासह राहिली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्पर्धा झाली. पहिल्या दोन फेऱ्या वेळेत आटोपल्या. तिसऱ्या फेरीचा पहिला हप्ता ऐन रंगात असताना पाहायला आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने उकडते म्हणून चिकटपट्टी काढली आणि एसी लावला. पुढचे सांगायला नको. वीस पडदे एकदम काळे झाले.

सर्व्हर यूपीएसवर असल्यामुळे जिवंत राहिला आणि त्याच्या नोंदीत प्रत्येक सामन्याचा त्या क्षणापर्यंतचा गुणफलक शाबूत मिळाला. तरीही अर्धा तास वाद चालला. आघाडीवर असलेल्यांचे म्हणणे, निकाल आहे तसा धरा. पिछाडीवर असलेल्यांचे म्हणणे, शून्यापासून खेळवा. दोन्ही मागण्या फेटाळल्या. नोंदीवरून जितकी मिनिटे उरली होती तितकीच पुन्हा खेळवली आणि आधीचे गुण त्यात मिळवले. एकाने हरकत घेतली की नव्याने सुरू केल्यावर नकाशातली शस्त्रे आणि चिलखते पुन्हा जागेवर येतात, त्यामुळे मधल्या वेळी त्याने मिळवलेली मोक्याची जागा वाया गेली. हरकतीत तथ्य होते, पण ती दोघांनाही सारखीच लागू होती, म्हणून मान्य केली नाही. निर्णय वहीत लिहून त्याखाली दहाही जोड्यांच्या सह्या घेतल्या, त्यामुळे नंतर कोणी तोंड उघडले नाही.

चौथ्या फेरीनंतर सावलीची बस गाठायची म्हणून एक खेळाडू निघाला. त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पाचव्या फेरीचा गुण दिला. पाचही सामने जिंकणारा तिसऱ्या वर्षाचा मुलगा घरी १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर सराव करतो. इथे सगळे पडदे ६० हर्ट्झचे, तरी तो जिंकला, तेव्हा त्याच्या हातात कसब आहे हे मान्य करायला हवे. डभोईची मुलगी दोन जिंकली, तीन हरली, आणि बुखोल्झमुळे दोन विजयवाल्यांच्या गटात वर आली.

शेवटच्या सामन्याला वॉचमनभाई दारात येऊन उभे राहिले आणि “दस वाग्या, हवे बंध करो” म्हणाले. मग स्वतःच सामना संपेपर्यंत पडद्याकडे पाहत थांबले. बक्षीस म्हणून प्रमाणपत्रे, आणि जे उरले त्या सर्वांना सेव उसळ, विभागाच्या खर्चाने.

६ डिसेंबर, शनिवार

सत्र संपत आले. परवानगी पुढच्या सत्रासाठी वाढवून मिळाली आहे. दोन यंत्रांचे पॉवर सप्लाय गेले. उघडल्यावर कपॅसिटर फुगलेले दिसले, ते बदलायचे आहेत. स्विचलाही यूपीएस हवा, अशी लेखी मागणी केली. एसीची वायर काकांकडून वेगळ्या सर्किटवर घेण्याचे मंजूर झाले आहे, पण तारीख मिळालेली नाही. तोवर चिकटपट्टीच्या जोडीला रिमोटही मॅडमच्या कपाटात राहील.

पहिल्या तटाने व्हॅलोरंटच्या संघाचा प्रस्ताव पुन्हा मांडला. त्यांनी स्वतःच्या यंत्रांवर सराव करावा, क्लबचे नाव लावावे, मात्र लॅबच्या वेळा आणि राखीव जागा त्यासाठी मागू नयेत, या अटीवर तो एकमताने संमत झाला. लॅबची किल्ली पुढच्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या एका आणि पहिल्या वर्षाच्या एका सभासदाकडे असेल. पहिल्या वर्षातून डभोईच्या मुलीचे नाव पुढे आले आणि तिने होकार दिला, फक्त बुधवारी शेवटची बस सहाची आहे असे बजावून. तेव्हा बुधवारची वेळ तासभर अलीकडे आणली. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण असल्याने त्या आठवड्यात लॅब उघडणार नाही. १९ जानेवारीला, सोमवारी, पॉवर सप्लाय बदलून सर्व यंत्रे तपासायची आणि बुधवारपासून नोंदवही सुरू करायची.